दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब

गाडीच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं, तेव्हा भिंगरीला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून ती डोळ्यांत औषध घालत होती. घालत होती म्हणजे, घालायची खटपट करत होती. पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा नाकावरून घरंगळत ओठापर्यंत आला. तिसरा एकदाचा डाव्या डोळ्यात गेला, आणि मिरचीचा हात लागावा तशी आग उठली. उजवा डोळा अजून बाकीच होता. तेवढ्यात ही टकटक.

तिने काच खाली केली. बाहेर एक पांढरी, पुसट आकृती वाकून उभी होती.

"तुम्ही... बऱ्या आहात ना?" आकृतीने विचारलं.

"हो."

"नाही, म्हणजे... समोरच्या जिन्यातून दिसलं. बराच वेळ रडताय."

"मी रडत नाहीये."

"बरं," आकृती म्हणाली. रडणाऱ्या माणसाला म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. मग खिशात चाचपून आकृतीने काहीतरी पुढे केलं. "हे घ्या. रुमाल नाहीये माझ्याकडे. हा कापूस आहे, स्वच्छ आहे. तसा तो दाढेखाली धरायचा असतो..."

भिंगरीने ती बोटाएवढी कापसाची गुंडाळी घेतली आणि डोळा टिपला. वर्षभर जिच्या डोळ्यांत औषधालाही पाणी येत नव्हतं, तिचं रडणं पुसायला हा बाबा कापूस घेऊन आला होता. तिला हसावं की रागवावं ते कळेना. आकृती हळूहळू स्पष्ट झाली. पांढरा कोट, उंच कपाळ, आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा चेहरा.

"तुमचं काही काम होतं का?" तिने विचारलं.

तो गडबडला. त्याने वर पाहिलं. गाडीच्या टपावर पाटी होती, 'गाडी शिका'.

"हो," तो म्हणाला. "मला... गाडी शिकायची आहे."

"उद्या सकाळी या. पहिली बॅच."

तो गेला. आणि समोरच्या जिन्याने आपल्या दातांच्या दवाखान्यात पोचल्यावर खुर्चीत मटकन बसला, कारण गाडी या वस्तूची त्याला लहानपणापासून मरणाची धास्ती होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून अण्णांनी ठेवलेलं. अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. गाड्या दोन, ऑफिसची खोली एक, आणि शिकवणारे आता दोघंच, अण्णा आणि ही. शिकवणाऱ्याच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच असलेल्या त्या गाडीत बसून भिंगरीने वकील शिकवले, नर्सबाई शिकवल्या, एक सत्तरीतले पहिलवानसुद्धा शिकवले. शिकणाऱ्याचा पाय कधी चुकणार हे तिला त्याच्या आधी कळायचं. घरी आई नव्हती, आत्या होती. आई गेल्यापासून आत्याने घर सांभाळलं होतं, आणि घराबरोबर घराच्या आसपासचं सगळंच.

वर्षभरापूर्वी भिंगरीच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. धुतले तरी जाईना. मग बिस्किट पाण्याशिवाय गिळेना. मग सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली. कुणाला न सांगता ती डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून तिला डोळे मिटून बसवलं. पट्टी ओली व्हायला हवी होती, ती कोरडी ठणठणीत निघाली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दुसऱ्या डॉक्टरांची गाठ पडली, गोळ्या सुरू झाल्या, आणि शेवटी बाईंनी समजावून सांगितलं. शरीराच्या रक्षणाला जी फौज असते, तीच उलटली आहे. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींना ती शत्रू समजते आहे.

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," भिंगरी म्हणाली.

"अगदी तेच. हे औषध त्या कुंपणाला जरा शांत करेल. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. आग होईल. गुण यायला काही महिने लागतील, मध्येच सोडायचं नाही. आणि घातल्यावर नजर साफ होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

शिवाय मधून मधून घालायला कृत्रिम अश्रूंची बाटली. औषधांच्या दुकानात जाऊन अश्रू विकत मागायची वेळ येईल, असं काही तिला वाटलं नव्हतं.

हे सगळं घरी सांगायचं नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. कारण होते जुने मास्तर. अण्णांच्या बरोबरीने शिकवणारे, त्यांचे जिवाभावाचे मित्र. त्यांची नजर अधू झाली आहे असं कळलं, त्या दिवशी अण्णांनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली परत घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही. मित्राची ही गत, तर मुलीला ते ऑफिसच्या टेबलामागे फॉर्म भरायला बसवतील आणि वर मायेने पाठीवरून हात फिरवतील. त्या हाताची तिला जास्त भीती वाटत होती. म्हणून संध्याकाळचा थेंब न्हाणीघरात कडी लावून, आणि सकाळी पहिल्या बॅचच्या गडबडीत आत्याचा पहारा असायचा म्हणून सकाळचा थेंब गाडीत, रस्त्याच्या कडेला.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, आणि फाशी द्यायला नेतात तसा चेहरा.

"स्टिअरिंग जरा सैल धरा," थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली.

"धरलंय की सैल."

"दाढ काढताना पेशंट तुमच्या खुर्चीचे हात कसे धरतो?"

"असेच."

"मग बघा."

त्याने बोटं सोडली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा किल्ली फिरवताना तो गाडीलाच हळूच म्हणाला, "थोडंसंच दुखेल. दुखलं तर हात वर करा."

भिंगरी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना कोरडा ओठ फुटला तरी हसत राहिली.

शिकायला तो मठ्ठ नव्हता, भित्रा होता. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाची तो मान लववून माफी मागायचा. कुत्रं दिसलं की गाडी थांबवून कुत्रं दिसेनासं होईपर्यंत वाट बघायचा. पण भिंगरीला खटकत होतं ते वेगळंच. एक तर तो जाता-येता तिची समजूत घालायचा.

"माणसं येतात, माणसं जातात," वळण घेता घेता तो म्हणायचा. "आपण त्यासाठी डोळे लाल करून घ्यायचे नसतात."

"समोर बघा."

"ज्याला आपली किंमत नाही, त्याच्यासाठी..."

"डॉक्टर, समोर बघा. आरशात बघा. माझ्याकडे नका बघू."

आणि दुसरं म्हणजे तो खरोखरच तिच्याकडे बघायचा. डोळ्यांकडेही नाही, तोंडाकडे. सिग्नलला गाडी थांबली की त्याची नजर तिच्या ओठांवर. ती बाटलीतून पाण्याचा घोट घ्यायला लागली की तो गिअर विसरायचा. तिला पहिल्यांदा राग आला. मग, खोटं कशाला बोला, राग जरा कमी झाला. मग एके दिवशी सिग्नलला उभं असताना तिने कान गरम झालेले असतानाच विचारलं, "काय आहे माझ्या तोंडात?"

"एक विचारू? रागावणार नसाल तर..."

"विचारा."

"तुम्हाला... लाळ कमी येते का?"

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली होती.

"आजवर इतकं गोड मला कुणी काही विचारलं नव्हतं," भिंगरी म्हणाली. "सिग्नल सुटलाय."

तो इतका ओशाळला, की वळणाचा दिवा लावायच्या ऐवजी त्याने वायपर सुरू केला. आकाशात ढगाचं पिल्लूही नव्हतं. कोरड्या काचेवर रबराची पट्टी खर्र... खर्र... करत फिरायला लागली. त्याला बंद करायचं बटण सापडेना. अंगावर काटा आणणारा तो आवाज ऐकता ऐकता भिंगरीला काय वाटलं कुणास ठाऊक.

"हे असं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या डोळ्यांत. पापणी मिटली-उघडली की दर वेळी. हे असंच. खाली पाणीच नसतं."

त्याने न सांगता आरसा बघितला, दिवा दिला आणि गाडी कडेला घेतली. पहिल्यांदाच नीट घेतली. मग तिने सगळं सांगितलं. पट्टी, फौज, थेंब, जुने मास्तर, अण्णा. सांगून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"म्हणजे तुम्हाला कुणी सोडून गेलेलं नाहीये?"

"मी काय सांगतेय, आणि तुम्हाला आनंद कशाचा झालाय?"

"नाही, नाही. आजार वाईटच. फार वाईट." त्याने घाईघाईने हसू आवरलं. "पण... कुणी गेलं नाहीये ना?"

"गेलं नाहीये. आलेलंच नव्हतं."

"अच्छा," तो म्हणाला, आणि नको तिथे पुन्हा वायपर लावला.

त्या दिवसापासून सकाळचा थेंब तो घालू लागला. तिची बोटं सकाळी आखडलेली असायची, ती इवलीशी प्लॅस्टिकची कुपी तिला धड तोडता यायची नाही. त्याचं आयुष्य माणसांच्या तोंडात वाकून इंचाइंचाची कामं करण्यात गेलेलं. शिकवणी संपली की गाडी लाँड्रीच्या भिंतीलगत लावायची. तो हात धुऊन पुसायचा, डाव्या हाताने तिची हनुवटी वर करायचा, बोटाने पापणी अलगद खाली ओढायचा आणि सवयीने म्हणायचा, "आ करा."

"डोळ्यांत घालायचंय ना?"

"हो... चुकलं. वर बघा."

पण तोवर तिने आ केलेला असायचा. दुधासारखा पांढरट थेंब बरोब्बर पापणीच्या आत पडायचा. एकदाही कपाळावर गेला नाही. मग "मिटा" म्हणायचं, आणि आग शमेपर्यंत दोघांनी गप्प बसायचं. त्याच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास होता. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा सगळं धुकट दिसायचं, आणि त्या धुक्यात एक चेहरा काळजीने वाकलेला असायचा. तो स्पष्ट झाला की लगेच मागे सरायचा. भिंगरीच्या एक दिवस लक्षात आलं, की ज्या थेंबाच्या नावाने ती तोंड वाकडं करायची, त्याची ती आताशा सकाळी उठल्यापासून वाट बघते. आग तेवढीच होती. कमी झालीय असं म्हणायला काही आधार नव्हता.

एकदा त्याने तिला भेट आणली. कागदात नीट गुंडाळलेली.

"टूथपेस्ट?" तिने उघडून पाहिलं.

"लाळ कमी असली की दात लवकर किडतात. ही खास आहे. आणि या बिनसाखरेच्या गोळ्या, जेवणानंतर चघळायच्या."

"लोक फुलं देतात."

"फुलांनी दात वाचत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळाने, पुढच्या चौकात, "आवडतात का... फुलं?"

"समोर बघा."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका सकाळी आत्याला रजया आणायला लाँड्रीत जायचं होतं.

दुपारी भिंगरी घरी आली, तर बैठकीच्या खोलीत अण्णा खुर्चीत आणि आत्या उभी. रजया सोफ्यावर तशाच पडलेल्या. आत्या रजयांची घडी मोडून ठेवत नाही, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," आत्या अण्णांना सांगत होती. "हिची मान अशी मागे. तोंड उघडं. आणि तो हनुवटीला धरून वाकलेला. भर दिवसा, लाँड्रीच्या दारात. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. आणि दादा, गाडीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय? 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'. खाली आपला फोन नंबर."

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. गोंधळलेले होते, आणि तेच जास्त अवघड होतं.

"काय आहे हे, भिंगरे?"

खरं सांगायचं तर तीन शब्द पुरे होते, 'औषध घालत होता'. ते तीन शब्द जिभेवर आले. मग तिला टेबल दिसलं, फॉर्मांचा गठ्ठा दिसला, खुंटीला अडकवलेली आणि कुणीही हात न लावलेली तिच्या गाडीची किल्ली दिसली. पाठीवरून फिरणारा हात दिसला.

"प्रेम आहे आमचं," ती म्हणाली.

आत्या रजयांवर बसली.

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. दुपारी चहाला बोलव त्याला."

गच्चीवर जाऊन तिने त्याला फोन लावला.

"उद्या तुम्हाला आमच्याकडे चहाला यायचंय," तिने एका दमात सांगितलं. "आत्याने आपल्याला बघितलं. मला काही सुचलं नाही. तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचंय, की तुमचं माझ्यावर प्रेम आहे. थोडे दिवस. मग भांडण झालं म्हणून सांगू."

पलीकडून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"हॅलो? डॉक्टर?"

"आहे."

"काय आहे?"

"लाइनवर... लाइनवर आहे मी. येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी तो आला तो चालत. इस्त्रीचा शर्ट, दुहेरी गाठ. आत्याने चहा आणि बिस्किटं समोर ठेवली आणि नजर त्याच्यावर. अण्णांनी दवाखाना कुठे, घरी कोण कोण, असले चार प्रश्न विचारले. त्याने सरळ उत्तरं दिली. आई आहे, थोरली बहीण आहे, दोघी लांबच्या गावी असतात. गाडी कुठवर आली शिकून? तिसऱ्या गिअरपर्यंत. भिंगरी कपाशी चाळा करत बसली होती. आतापर्यंत ठीक चाललं होतं.

"मी आडवळणाने बोलणारा माणूस नाही," अण्णा म्हणाले. "भिंगरी म्हणते तुमचं प्रेम आहे. आहे का?"

त्याने कप खाली ठेवला. बशीवर कप वाजला इतकाच आवाज झाला.

"आहे," तो म्हणाला. "माझं आहे. त्यांना रस्त्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारपूस करायला खाली आलो, आणि घाबरून गाडी शिकायला नाव घातलं. मला गाडी शिकायची नव्हती. दवाखाना घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. अजूनही शिकायची नाहीये. पण त्या रोज सकाळी शेजारी बसतात, म्हणून मी शिकतो."

भिंगरीचा चाळा थांबला. इतकं चांगलं नाटक करायला तिने सांगितलं नव्हतं. तिने वर पाहिलं. आणि त्याचे कान पाहिले, लाल झालेले. गुडघ्यावर घट्ट दाबून धरलेला हात पाहिला. स्टिअरिंग धरायचा तसा.

"त्यांचं आहे की नाही, ते मला माहीत नाही," तो पुढे म्हणाला. "आणि काल गाडीत जे चाललं होतं, ते आत्यांना वाटलं तसं नव्हतं."

"मग काय होतं?" आत्याने विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत. ते माझं नाही. मी फक्त माझ्याबद्दल बोलू शकतो."

भिंगरीला वाटलं, हा माणूस कुत्र्याला रस्ता देण्यासाठी गाडी थांबवतो, चौकात शिरताना डोळे मिटू का म्हणून विचारतो, आणि इथे तिच्या बापासमोर बसून खोटंही बोलत नाही आणि तिचं गुपितही फोडत नाही. भित्री मग कोण?

ती उठली, आत गेली, कपाटातून औषधाचा डबा आणला आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"हे चाललं होतं," ती म्हणाली. आणि उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं.

आत्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "मग आ कशाला केला होतास?"

"ते... सवयीने. त्यांच्या."

"दाखवा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"कसं घालता ते दाखवा."

दंतवैद्याने हात धुतले. भिंगरी खुर्चीत बसली. त्याने हनुवटी वर केली, पापणी ओढली, आणि घरच्यांच्या देखत, अगदी न म्हणायचं ठरवलेलं असताना, म्हणाला, "आ करा." तिने आ केला. थेंब पडला.

"अस्संच," आत्या म्हणाली. "अगदी असंच दिसत होतं. यात माझी काय चूक, सांगा."

आग शमेपर्यंत भिंगरी डोळे मिटून बसली. उघडले तेव्हा अण्णा खोलीत नव्हते. ती बाहेर गेली. ते गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते.

"किल्ली देऊ का?" तिने विचारलं.

"मास्तरांचं तुला काय वाटतं?" अण्णांनी उलट विचारलं. "नजर गेली म्हणून मी त्यांना काढलं?"

ती बॉनेटवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"नजर काय, आज त्यांची, उद्या माझी जाईल. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. भाजीच्या हातगाडीवर गाडी घातली तेव्हा मला कळलं. भाजीवाला वाचला ते त्याचं नशीब. आधी सांगितलं असतं ना, तर ऑफिसात बसून त्यांनी अर्ध्या गावाला सिग्नल शिकवले असते." ते तिच्याकडे वळले. "वर्षभर, भिंगरे? वर्षभर तू डोळे चोळत माझ्यासमोर जेवलीस, आणि मी म्हणत राहिलो, मोबाइल कमी बघ."

अण्णांनी पाठीवरून हात फिरवला. तिला ज्याची एवढी भीती वाटत होती, तो हाच हात होता. वाईट वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. नजर चोख आहे, असं बाईंनी त्यांना दोनदा सांगितलं, आणि कागदाची पट्टी या वेळी जराशी, नखाएवढी का होईना, ओली झाली. अण्णांनी नियम घातला. थेंब घातल्यावर नजर साफ झाली असं भिंगरीने तोंडाने म्हटल्याशिवाय चाक हलणार नाही. आणि नियम पाळला जातोय का ते बघायला काही दिवस ते स्वतः मागच्या सीटवर बसणार.

त्यामुळे दंतवैद्याची पंचाईत झाली. त्याने बापासमोर मनातलं सांगितलं होतं, आणि आता रोज सकाळी बाप पाठीमागे. उत्तर काही आलेलं नव्हतं.

"घाई नाही," एकदा अण्णा हवा भरायला उतरले तेवढ्यात तो कुजबुजला. "मला पहिला गिअर टाकायलाही आठवडे लागले."

"समोर बघा," ती म्हणाली. पण आता त्या दोन शब्दांत पूर्वीचा कडकपणा नव्हता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

उत्तर तिच्यापाशी होतं. रोज असायचं. फक्त अण्णा खाकरले की पळून जायचं.

मग एका सकाळी गाडी नेहमीच्या भिंतीला लागली. दंतवैद्याने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. "मिटा," तो म्हणाला. तिने मिटले. मागे अण्णा म्हणाले, "मी जरा पेपर घेऊन येतो." आणि कुठलं तरी दार उघडून बंद झालं.

भिंगरीने श्वास घेतला. डोळे मिटलेले होते, हे बरंच होतं. डोळे मिटून बोलायला सोपं जातं.

"हे बघा," ती म्हणाली, "मला आता बोलू द्या, मध्ये बोलू नका. त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात... मी तुम्हाला नाटक करायला सांगितलं होतं, आणि तुम्ही केलं नाही. मला राग यायला हवा होता. पण मला फार... म्हणजे, मी रोज सकाळी त्या जळत्या थेंबाची वाट बघते, आता यापुढे काय सांगू? माझा आजार बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे. दिवसातून दोनदा. तुम्हाला चालणार असेल तर सकाळचा तुम्ही घाला. संध्याकाळचाही घाला."

तिने उत्तरासाठी कान टवकारले.

मग पाठीमागून कुणीतरी घसा साफ केला.

"भिंगरे," अण्णा म्हणाले, "मी इथेच आहे."

"...आणि डॉक्टर?"

"मी उठायच्या आत त्याने हातानेच खुणावलं, तुम्ही बसा, मी आणतो पेपर. चांगला मुलगा आहे. पण मला वाटतं, संध्याकाळचं वगैरे हे त्याला सांगायला हवं."

भिंगरीने डोळे उघडले. धुक्यात रस्ता, धुक्यात लाँड्री, आणि धुक्यातून पेपर घेऊन येणारा पांढरा शर्ट. दार उघडलं. दंतवैद्य चाकामागे बसला आणि एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला.

"काय झालं?"

अण्णांनी त्याच्या हातून पेपर घेतला आणि दार उघडलं. "मी चालत जातो," ते म्हणाले. "तिला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मी ऐकलीय. मला पसंत आहे."

ते उतरून रस्त्याच्या कडेने चालू लागले. गाडीत दोघंच उरली.

"हँडब्रेक ओढा," भिंगरी म्हणाली.

"ओढलाय."

"गिअर काढा."

"काढलाय. काय झालं, सांगा ना."

नजर अजून पुरती साफ झाली नव्हती, पण ती थांबली नाही. डोळे सताड उघडे ठेवून त्याच्याकडे वळली. "हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"सगळंच हो."

त्याने तिचा हात हातात घेतला, सकाळची आखडलेली बोटं एकेक करून उलगडली, आणि तसाच पुढे झुकला. झुकताना त्याचं कोपर स्टिअरिंगवर टेकलं आणि गाडीचा भोंगा जोरात वाजला. इस्त्रीवाल्याने इस्त्री पुन्हा उभी केली. दोघंही दचकली, पण कोपर तिथून काढायचं काही कुणाला सुचलं नाही.

पुढे, बऱ्याच अंतरावर, अण्णा पेपर काखेत धरून चालले होते. भोंगा ऐकून ते थांबले नाहीत, मागेही वळले नाहीत. नुसता एक हात बाजूला काढला आणि मागून येणाऱ्या गाडीला करतात तशी खूण केली. या, रस्ता मोकळा आहे.